स्त्री संघटना आणि शासन (महाराष्ट्र)

स्त्रियांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटना व राज्यसंस्था यांच्यातील संघर्षाचा, सहकार्याचा आणि देखरेखीचा संबंध. त्याचा आरंभ कोठे मानावा याविषयी एकमत नाही. काही अभ्यासक तो १८९१ च्या संमतिवयाच्या (शरीरसंबंधास संमती देण्याचे मुलीचे किमान वय वाढवणाऱ्या) कायद्यापर्यंत मागे नेतात. परंतु त्या वादात आघाडीवर होते ते मुख्यतः पुरुष सुधारक व त्यांचे विरोधक. दुसऱ्या मतानुसार हा संबंध १९२७ साली पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनापासून सुरू होतो. त्या अधिवेशनाचा भर मात्र स्त्रीशिक्षणावर होता. आंतरराष्ट्रीय महिला वर्ष (१९७५) हा आरंभबिंदू मानण्याचा प्रघात रूढ आहे. तथापि मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृतींनी मुंबईत काढलेले महागाईविरोधी लाटणे मोर्चे त्याआधीचे असल्याने सत्तरच्या दशकाचा प्रारंभ हा अधिक ग्राह्य ठरतो.

कायद्याच्या क्षेत्रात मथुरा प्रकरण निर्णायक ठरले. १९७२ मध्ये तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आरोपी असलेल्या दोन्ही पोलिसांना निर्दोष ठरवल्यावर उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर या चार विधी-अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले आणि देशभर निदर्शने झाली. फौजदारी कायद्यांच्या १९८३ च्या दुरुस्तीने, कोठडीतील शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने आपली संमती नव्हती असे न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरावे, अशी तरतूद झाली.

गर्भलिंगनिदानाविरुद्ध मुंबईतील कार्यकर्त्यांनी चालवलेल्या मोहिमेनंतर महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशातील पहिला प्रतिबंधक कायदा केला. केंद्रीय कायदा १९९४ चा. त्याची अंमलबजावणी होत नाही म्हणून सेहत व मासूम या स्वयंसेवी संस्था आणि कार्यकर्ते साबू जॉर्ज यांनी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली आणि २००३ पासून कायदा सुधारून कडक झाला. या कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या राज्यस्तरीय समुचित प्राधिकरणात आरोग्य व विधी खात्यांच्या अधिकाऱ्यांबरोबर स्त्री संघटनेची प्रतिनिधी असलेली एक प्रतिष्ठित स्त्री सदस्य असते. प्राधिकरणाला किमान १५ दिवसांची नोटीस देऊन कोणतीही व्यक्ती न्यायालयात तक्रार करू शकते, आणि या ‘व्यक्ती’मध्ये सामाजिक संघटनेचा समावेश होतो असे कलम २८ च्या स्पष्टीकरणात नमूद आहे. अंमलबजावणीत कसूर झाल्यास संघटनांना थेट न्यायालयापर्यंत पोचवणारी ही तरतूद आजवर मिळालेल्या अधिकारांत सर्वांत मोलाची मानावी लागेल.

राज्य महिला आयोग १९९३ मध्ये स्थापन झाला. २२ जून १९९४ रोजी राज्याचे पहिले महिला धोरण जाहीर झाले. त्याच दिनांकापासून महाराष्ट्रात हिंदू मुलींना वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मतः हक्क मिळाला. त्यानंतरही धोरणे आली. चौथे २०२४ मध्ये जाहीर झाले.

सहकार्याचे सर्वांत टिकाऊ रूप म्हणजे महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने तो मुंबई पोलिसांबरोबर सुरू केला. प्रशिक्षित समाजकार्यकर्ती पोलिसांच्याच आवारात बसते, परंतु ती पोलीस दलाची कर्मचारी नसते. आलेल्या बाईचे म्हणणे ऐकून घेणे, तक्रार लिहिण्यास मदत करणे, सासरच्या मंडळींना बोलावून घेणे, निवाऱ्याची सोय पाहणे ही कामे ती करते. पुढे राज्य शासनाने असे कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांत नेले.