सजा वेगळी, शिक्षा वेगळी

मयताच्या घरी, दवाखान्यात, गारपिटीनं मोसंबीची बाग झोडपलेल्या शेतकऱ्याच्या ओट्यावर, सगळीकडे एकच वचन ऐकू येतं. बायबलातल्या इब्रीकरांस पत्रातलं, १२:६. "प्रभू ज्याच्यावर प्रीती करतो त्याला शिक्षा करतो." म्हणणारा मनानं चांगला असतो, पण समोरच्याच्या कानात भलतंच पडतं. जालन्याकडच्या एका प्रार्थना सभेत, नातू जाऊन तिसरा दिवस होता, मावशीनं सगळ्यांसमोर विचारलं, "माझं काय चुकलं ते तरी सांगा, पाळकसाहेब." साहेब पानं चाळत राहिले. तेच वचन त्यांनी नुकतं वाचलं होतं.

सजा म्हणजे काय ते मराठवाड्यात कुणाला समजावायला नको. गुन्हा, पुरावा, निकाल, जेल. झाल्या गोष्टीचा हिशेब चुकता झाला की काम संपलं. आरोपी पुढे सुधारतो की बिघडतो, हा त्या हिशेबाचा भाग नाही. पवित्र शास्त्रात याला दंडाज्ञा म्हटलंय, आणि जे ख्रिस्तात आहेत त्यांना ती नाही, असं रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय पहिल्याच ओळीत सांगतो. तरी अर्धी मंडळी दर दुखण्याला तीच चिठ्ठी चिकटवते.

इब्रीकरांच्या पत्रात मूळ ग्रीक शब्द आहे 'पैदेइया'. त्याच्या पोटात 'पैस्' आहे, म्हणजे लेकरू. लेकरू वाढवताना आईबाप जे जे करतात ते सगळं त्यात येतं. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: वळण लावणं. 'शिक्षा' शब्दही मुळात शिकण्याचाच, शिक्षण आणि शिक्षक त्याचेच भाऊबंद. हिंदीत अजून तोच अर्थ चालतो. मराठीत मात्र तो मास्तरच्या छडीला जाऊन चिकटला आणि वचनाचा सूरच बिघडला. सजेला काल काय केलंस ते हवं असतं. वळणाला उद्या हे लेकरू कसं होईल याची काळजी असते. दहाव्या ओवीत लेखक कारणही तेच देतो: आपल्या हितासाठी.

सहाव्या ओवीत पुढे फटकेही आहेत, मी ते लपवत नाही. पण पत्र कुणाला लिहिलंय ते बघा. विश्वासापायी ज्यांची मालमत्ता लुटली गेली (१०:३४), अशांना. त्यांना लोक छळत होते, आणि लेखक सांगतो की यातही तुम्ही पोरके नाही, लेकरंच आहात. हे वचन नातू गेलेल्या आजीच्या मांडीवर ठेवायचं नाही. नातवाचं मरण हा तिचा धडा, असं पत्रात कुठंही नाही. आणि धडा आजीचा, जीव लेकराचा, हा कुठला न्याय?

 

काही दुःख तर सजाही नसतं आणि वळणही नसतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत माणसं झोपेत गाडली गेली, कारण जमीन हलली आणि दगडमातीच्या जाड भिंती, वरचं माळवद अंगावर आलं. "काय पाप केलं असंल" हे मी तेव्हाही ऐकलं. येशूसमोर असाच प्रश्न होता, शिलोहाच्या बुरुजाखाली अठरा जण मेले तेव्हाचा. ते यरुशलेमातल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी होते काय? तो म्हणाला, नाही. जन्मांधाबद्दल शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की आईबापाचं? उत्तर, दोघांचंही नाही. यापेक्षा सरळ कसं सांगायचं असतं?

पवित्र शास्त्रातल्या ईयोबाची लेकरं गेली, सगळं गेलं, तेव्हा त्याचे तीन मित्र सात दिवस सात रात्री जमिनीवर गप्प बसले, तेवढंच त्यांनी बरं केलं. तोंड उघडलं, पाप तुझंच म्हणाले, आणि घोटाळा झाला. शेवटी देव रागावला तो त्यांच्यावर, ईयोबावर नाही.

दुःखाच्या घरी काही वाचायचंच असेल तर मी स्तोत्र ८८ नेतो. ते अंधारात संपतं, पुढे दिलाशाची ओळ नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात तसंच ठेवलंय. वाचून झालं की पुस्तक मिटायचं. काळा चहा आला तर घ्यायचा, आणि बसून राहायचं.