तासा (त्रिनिदाद)

कॅरिबियन समुद्रातील त्रिनिदाद बेटावरील भारतीय वंशाच्या लोकांचा एक चर्मवाद्यमेळ आणि त्या मेळातील मुख्य वाद्य. लग्न, मोहरम (स्थानिक नाव ‘होसे’), कार्निव्हल, निवडणूक प्रचार, क्रिकेटचे सामने अशा नाना प्रसंगी तो वाजतो. तासा हे नाव व वाद्याचा घाट महाराष्ट्रातील ताशाशी जुळणारा असला, तरी त्रिनिदादचा तासा महाराष्ट्रातून गेलेला नाही. त्याचा उगम उत्तर भारतात, मुख्यतः भोजपुरी व अवधी प्रदेशांत आहे. महाराष्ट्रातून गिरमिटावर (करारबद्ध मजुरीवर) गेलेल्या मजुरांची वसाहत मॉरिशसमध्ये झाली. कॅरिबियन बेटांवर मराठी भाषकांची अशी वसाहत झाली नाही. साम्य आहे ते वाद्यकुळाचे.

मेळ चार वाद्यांचा असतो : दोन तासे, एक मोठा ढोल व झांज. ढोलाला त्रिनिदादमध्ये ‘बास’ म्हणतात. दोन ताशांपैकी एक ‘कटर’. त्यावर प्रमुख वादक बढत करतो, इशारे देतो व तोडे घेतो. दुसरा ‘फुलर’ किंवा ‘फूले’. तो पायाभूत ठेका अखंड धरतो. प्रत्येक रचनेची ओळख मात्र बासच्या बोलांवरून पटते, कटरवरून नव्हे. नवख्या श्रोत्याचे लक्ष कटरच्या वेगाकडे जाते, जाणकाराचे बासकडे. होसेच्या मिरवणुकीत तासे व बास यांची संख्या बरीच वाढते.

पारंपरिक ताशाचे खोड मातीचे, वाडग्याच्या आकाराचे, भट्टीत भाजलेले असते. ते मध्य त्रिनिदादमधील चेस व्हिलेज परिसरातले कुंभार घडवीत आले आहेत. दिवाळीच्या पणत्याही तेच करतात. खोडाच्या तोंडावर बकऱ्याच्या कातड्याचे पान दोरीने ताणून बसवतात व वाजवण्यापूर्वी उघड्या जाळावर शेकतात. शेकलेल्या पानाचा आवाज कोरडा व अत्यंत चढा लागतो, पण तो फार वेळ टिकत नाही. त्यामुळे लग्नघरी वाजंत्र्यांच्या शेजारी लहानशी शेकोटी हवीच. हलगी शेकणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. विसाव्या शतकाच्या अखेरीस धातूचे खोड, कृत्रिम पान आणि पान ताणण्यासाठी नट-बोल्ट अशी नवी घडण रूढ झाली. तिला शेकावे लागत नाही. होसेच्या वादकांतील अनेक जण अजूनही माती-कातड्याचाच आग्रह धरतात. बासचे खोड लाकडी ओंडका कोरून करतात. तो खांद्यावरून पट्ट्याने अडकवून एका बाजूने काठीने व दुसऱ्या बाजूने हाताने वाजवतात.

उगमाचा प्रश्न : वाद्य उत्तर भारतातून आले याविषयी दुमत नाही. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ हे जहाज कलकत्त्याहून सुमारे सव्वादोनशे मजूर घेऊन त्रिनिदादची राजधानी पोर्ट ऑफ स्पेनला पोहोचले. १९१७ पर्यंत त्रिनिदादला आलेल्या भारतीय मजुरांची संख्या १,४०,००० हून थोडी अधिक धरली जाते. बहुसंख्य कलकत्ता बंदरातून, म्हणजे आजच्या पूर्व उत्तर प्रदेश व पश्चिम बिहारमधून आले, काही मद्रासहून. मद्रासकडच्यांचे ‘तप्पू’ हे डफासारखे वाद्य कालीपूजेत वेगळे टिकले असून तासामेळाशी त्याचा संबंध दिसत नाही.

वाद आहे तो मेळ कोणत्या वाटेने आला आणि आज वाजते त्यातले जुने किती, याविषयी. एका मतानुसार तासा हे मूलतः मोहरमचे वाद्य असून लखनौसारख्या शिया केंद्रांतील शोकमिरवणुकींतून ते त्रिनिदादमध्ये आले आणि नंतर हिंदूंच्या लग्नांत शिरले. त्रिनिदादमधील सर्वांत जुने उल्लेख होसेच्या संदर्भातच येतात, हा या मताचा मुख्य आधार. पण ब्रिटिश वसाहतीच्या अधिकाऱ्यांनी व वृत्तपत्रांनी नोंद केली ती गर्दीची व दंग्याच्या धास्तीची. उसाच्या मळ्यावरच्या, मजुरांच्या बराकीतल्या लग्नात काय वाजले याची दखल घेण्याचे त्यांना कारण नव्हते. शिवाय स्थलांतरितांत मुसलमान अल्पसंख्य आणि त्यांतही शिया मूठभर होते. उत्तर भारतातील खेड्यांत ढोल-तासा लग्न व मोहरम या दोन्ही प्रसंगी, बहुधा त्याच वाजंत्र्यांकडून, वाजत असे. तेव्हा दोन्ही उपयोग बरोबरच आले असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

दुसरा वाद याहून गुंतागुंतीचा आहे. तासा हा भोजपुरी परंपरेचा जसाच्या तसा जपलेला अवशेष आहे, असे त्रिनिदादमधील भारतीय वंशाचे अनेक वादक अभिमानाने सांगतात. उलट, मेळाची आजची घडण आफ्रिकी-क्रिओल (आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या मिश्र स्थानिक संस्कृतीच्या) वातावरणातच घडली, असा काही अभ्यासकांचा कल आहे. या दुसऱ्या मताला बळ देणारी एक गोष्ट म्हणजे भूमिकांची नावे. ‘कटर’ व ‘फूले’ ही नावे कालिंदा या आफ्रिकी-क्रिओल लाठीयुद्धाच्या ढोलमेळातही आढळतात आणि तिकडूनच ती ताशात आली असावीत. मात्र नाव उसने घेतले म्हणजे वादनही उसने ठरत नाही. ठेका धरणारा एक व उपज करणारा दुसरा, ही विभागणी उत्तर भारतीय ताशातही आहे. वाद्ये व बऱ्याच रचनांचा गाभा भारतीय, त्यांची बांधीव, स्पर्धात्मक व वेगवान मांडणी त्रिनिदादची, हा मधला निष्कर्ष उपलब्ध पुराव्याशी अधिक जुळतो. उत्तर भारतात बँडबाजाने ढोल-ताशाला लग्नातून बरेचसे हटवले. त्रिनिदादमध्ये तसे घडले नाही, हेही येथे लक्षात घ्यावे लागते.

रचना : ताशाच्या रचनेला ‘हँड’ म्हणतात. तिकोरा, नगारा, चौबोला, वेडिंग हँड, डिंगोले, कॅलिप्सो, स्टीलबँड हे प्रचलित हँड होत. पहिली तीन नावे भारतीय असून उगमाच्या चर्चेत त्यांना महत्त्व आहे. तिकोरा व नगारा ही मुळात वाद्यांची नावे. शहनाईच्या किंवा नौटंकीच्या (उत्तर भारतीय लोकनाट्याच्या) साथीला वाजणाऱ्या जोडनगाऱ्यावरचे काही ठेके येथे ताशावर उतरले असण्याची शक्यता आहे. चौबोला हा नौटंकीतील दोह्यानंतर येणारा पद्यप्रकार. त्याच्या साथीचा ठेका पद्याविना उरला, असे अनुमान काढता येते. या अनुमानांची मर्यादाही स्पष्ट आहे. नावे टिकतात आणि बोल बदलतात. एकाच नावाचा हँड दोन गावांतले मेळ वेगळ्या तऱ्हेने वाजवतात आणि प्रत्येक मेळाला आपलाच खरा वाटतो. हे वादन कानाने शिकले जाते. शास्त्रीय संगीतातील मात्रा, सम, खाली ही परिभाषा वादक सहसा वापरत नाहीत. तिहाईच्या (एकच बोल तीनदा वाजवून संपवण्याच्या) वळणाचे समारोप मात्र सर्रास ऐकू येतात. डिंगोले हा स्थानिक क्रिओल शब्द असून त्याचा अर्थ मनमोकळे, अंग घुसळत नाचणे असा आहे. तो हँड नाचासाठीच वाजतो. कॅलिप्सो व स्टीलबँड हे हँड उघडच कार्निव्हलच्या संगीतावरून बांधलेले आहेत. होसेचे हँड वेगळे असून त्यांत ‘महातम’ (मातम) हा प्रमुख आहे. होसेचे हँड लग्नात वाजवू नयेत असा संकेत जाणते वादक पाळतात.

होसे : इमाम हुसेन यांच्या करबला येथील हौतात्म्याच्या स्मरणाचा हा विधी १८५० च्या सुमारापासून त्रिनिदादमध्ये नोंदलेला आढळतो. आज तो मुख्यतः पोर्ट ऑफ स्पेनच्या सेंट जेम्स भागात व नैर्ऋत्य टोकाच्या सेड्रोस येथे होतो. ‘ताजा’ (ताजिया, आपल्याकडील ताबूत) बनवण्याचे काम ठरावीक घराण्यांकडे असते. हसन व हुसेन यांचे प्रतीक असलेले दोन प्रचंड चंद्र खांद्यावर घेऊन नाचवले जातात आणि अखेर ताजे समुद्रात थंडे करतात. एकोणिसाव्या शतकात हा मळ्यांवरील सर्व भारतीयांचा, हिंदूंचाही, वर्षातला सर्वांत मोठा मेळावा होता. आफ्रिकी वंशाचे लोकही त्यात ढोल वाजवीत व ताजे वाहून नेत. वसाहत सरकारला हे एकत्र येणे खुपत होते. १८८१ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनच्या कार्निव्हलमध्ये दंगल झाली होती आणि त्यानंतरच्या काही वर्षांत आफ्रिकी ढोलांवर कडक निर्बंध आले. १८८४ मध्ये होसेच्या मिरवणुकींना शहरांत व हमरस्त्यांवर येण्यास मनाई करण्यात आली. ३० ऑक्टोबर १८८४ रोजी मनाई मोडून सॅन फर्नांडो शहराकडे निघालेल्या मिरवणुकींवर पोलिसांनी गोळीबार केला. मृतांचा आकडा सामान्यतः १६ दिला जातो, काही ठिकाणी २२. जखमी शंभराहून अधिक होते. आफ्रिकी ढोल दबले गेले त्या काळात होसेच्या ताशांनी क्रिओल वादकांना आसरा दिला, असा तर्क मांडला जातो. तो आकर्षक आहे, पण त्याला लेखी आधार तुटपुंजा आहे.

लग्न व लोकप्रिय संगीत : हिंदू लग्नात शुक्रवारच्या ‘मटिकोर’पासून तासा लागतो. या विधीत बायका माती उकरून आणतात आणि नंतर आपसांत गातात-नाचतात. गाणी बरीच सैल तोंडाची असतात. याच बायकांच्या नाचगाण्यातून ‘चटणी’ हा गायनप्रकार पुढे आला. सुंदर पोपो यांच्या ‘नाना अँड नानी’ (१९७० च्या सुमारास) या इंग्रजी-भोजपुरी मिश्र गाण्यापासून त्याचा सार्वजनिक इतिहास मोजण्याची प्रथा आहे. १९८७ मध्ये द्रौपदी रामगुनाई यांनी कॅलिप्सोतून निघालेल्या सोका या नाचाच्या संगीताशी त्याची सांगड घातलेले गाणे ‘चटणी सोका’ या नावाने आणले. त्यांचे पुढच्या वर्षीचे गाजलेले गाणे थेट तासा वाजवणाऱ्यावरच आहे. भारतीय घरातील स्त्रीने कॅलिप्सोच्या तंबूत (कार्निव्हलच्या गायनमंचावर) उभे राहणे काही हिंदू धुरीणांना रुचले नाही. आज ही टीका जवळपास मावळली आहे. तासावादन दीर्घकाळ पुरुषांचेच होते. आता मुलींचे मेळही स्पर्धांत उतरतात.

स्टीलपॅनशी संबंध : तेलाच्या पिंपापासून घडवलेल्या स्टीलपॅनच्या जन्मात ताशाचा वाटा होता का, हा त्रिनिदादमध्ये चटकन तापणारा प्रश्न आहे. सेंट जेम्समध्ये होसेचे तासे व सुरुवातीचे पॅनवादक शेजारीशेजारीच होते, आणि आरंभीच्या बिस्किटांच्या डब्यांवरचे काही ठेके ताशाची आठवण करून देतात असे म्हटले जाते. परंतु पॅनची मुख्य वंशरेषा आफ्रिकी कामगार वस्त्यांतील ‘टँबू बँबू’ या बांबूवादनातून येते, याविषयी बहुतेक अभ्यासक एकमत आहेत. ताशाचा प्रभाव असल्यास तो आनुषंगिक होय. १९९२ मध्ये स्टीलपॅन राष्ट्रीय वाद्य म्हणून घोषित झाले. त्यानंतर ताशालाही बरोबरीचा दर्जा द्यावा ही मागणी वारंवार पुढे आली. २०११ च्या जनगणनेत भारतीय वंशाचे ३५.४ टक्के व आफ्रिकी वंशाचे ३४.२ टक्के नोंदले गेलेल्या देशात ती केवळ संगीताची मागणी राहत नाही. पॅनप्रमाणेच ताशातही दोन्ही समाजांचे वादक आहेत, एवढे मात्र वादाच्या दोन्ही बाजू मान्य करतात.

इतरत्र : गयानामध्ये ताशाची परंपरा होती, पण तेथील मोहरमच्या मिरवणुकी १९३० च्या दशकापासून ओसरल्या आणि तासाही क्षीण झाला. जमैकात होसेसोबत थोड्या प्रमाणात तो टिकून आहे. सुरिनाममध्ये ढोलक व दंडताल (लोखंडी सळईचे तालवाद्य) यांच्या साथीचे ‘बैठक गाना’ अधिक लोकप्रिय आहे. न्यूयॉर्कचा क्वीन्स भाग, टोरांटो व फ्लोरिडा येथे स्थायिक झालेल्या त्रिनिदादी लोकांनी तासा तिकडे नेला असून तेथील थंडीत मातीच्या ताशापेक्षा नट-बोल्टचा तासाच अधिक दिसतो.