फवाऱ्याने मुंग्या वाढतात त्या का

पावसाळा लागला की कोकणात घरोघरी मुंग्यांवर फवारे सुरू होतात. ओट्यावरची रांग मरते आणि थोड्याच दिवसांत माजघरात, न्हाणीघरात, देव्हाऱ्यात नव्या रांगा दिसतात. मग लोक म्हणतात, औषधातच भेसळ. खरा प्रश्न वेगळा आहे: मुंगी कोणती, हे पाहिलं का?

अनेकदा ती असते भूतमुंगी, शास्त्रीय नाव टॅपिनोमा मेलॅनोसेफॅलम. लांबी जेमतेम दीड मिलिमीटर. डोकं काळपट, पण पोट आणि पाय इतके फिके की पांढऱ्या लादीवर नुसते काळे ठिपके पळताना दिसतात. एक चिरडून हुंगा. नासक्या खोबऱ्याचा वास आला तर शंका नको; नारळाच्या मुलखात तो वेगळा सांगावा लागत नाही. पोटाच्या टोकाकडच्या ग्रंथीत मिथाइल हेप्टेनोन नावाचं किटोन असतं, वासाचा संबंध त्याच्याशी.

आता खरी गंमत. मुंगळ्यांच्या राण्या पंख फुटून उडतात, मीलनानंतर एकेकटी राणी नवं वारूळ थाटते. भूतमुंगीच्या एकाच वसाहतीत अनेक राण्या नांदतात. गर्दी झाली किंवा धक्का बसला की एखादी राणी, काही कामकरी आणि तोंडात धरलेल्या अळ्या असा जथा चालतच निघतो आणि स्विचबोर्डमागे, चिऱ्याच्या फटीत किंवा कुंडीखाली बस्तान मांडतो. या शाखा आपसांत भांडत नाहीत, त्यांची ये-जा चालूच राहते. फवारा फक्त बाहेर पडलेल्या कामकऱ्यांना मारतो. राण्या आत शाबूत राहतात, आणि धक्क्याने शाखा आणखी फुटतात.

‘मुंग्या अंडी घेऊन घरात शिरल्या की लक्ष्मी येते’ म्हणतात, तेही हेच स्थलांतर. तोंडात बहुधा अळ्या नि कोष असतात, आणि निघायचं कारण अनेकदा बिळात शिरलेलं पाणी. हळदीच्या रेघेने फार तर वाट वळते, वसाहत तिथेच राहते.

उपाय मुंगीच्या पोटातच आहे. तिच्या जठराआधी एक पिशवी असते. तिथे साठवलेला गोड द्रव ती तोंडातून तोंडात इतरांना, अळ्यांना आणि राणीला भरवते. म्हणून विष मंदच हवं. जहाल असेल तर ती वाटेतच मरते. १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम साखर आणि १ ग्रॅम बोरिक पावडर (कॅरमवर टाकतात ती; औषधांच्या दुकानातून शुद्ध घ्या) विरघळवा. त्यात भिजवलेला कापूस बाटलीच्या झाकणात घालून रांगेशेजारी ठेवा. मुलांच्या आणि मांजरांच्या तोंडाशी येणार नाही अशीच जागा निवडा, कारण ते त्यांनाही विषारी आहे. सुरुवातीला गर्दी वाढेल. ती पुसू नका, आणि फवारा पूर्ण बंद ठेवा. कापूस सुकला की बदला. काही आठवडे लागतात.

अंगणातली जास्वंदही तपासा. तिच्यावर पिठ्या ढेकूण असतील तर त्यांच्या गोड स्रावावर भूतमुंग्या पोसल्या जातात. त्या फांद्या छाटून टाका, आणि भिंतीला टेकलेल्या डहाळ्याही.