आरोग्य व्यवस्थापनाची पदविका: अर्ज दिल्लीत नाही, आपल्याच जिल्ह्यात अडतो

अंतिम तारखेच्या चार दिवस आधी फोन येतो. "सर, अर्ज भरून झालाय, फक्त ते स्थायित्व प्रमाणपत्र राहिलंय. कुठल्या पोर्टलवर मिळतं?"

नोकरीत कायम झाल्याचा हा कागद कुठल्याच पोर्टलवर मिळत नाही. आणि ज्याला ते चार दिवसांत मिळालं असा वैद्यकीय अधिकारी मी अजून पाहिलेला नाही.

दरवर्षी दोन-तीन जणांचं असंच होतं. माणसं हुशार असतात, निवड होण्यासारखी असतात आणि कागदावर हरतात. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतो. हे मुख्यतः प्राथमिक आरोग्य केंद्र (पीएचसी), ग्रामीण रुग्णालय आणि तालुका कार्यालयातल्या नियमित एमबीबीएस अधिकाऱ्यांसाठी आहे. कंत्राटी मंडळींसाठी पुढे वेगळं लिहिलंय.

कोर्स कुठले, ते थोडक्यात. दिल्लीत मुनिरकाला राष्ट्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण संस्था आहे, १९७७ साली दोन जुन्या संस्था एकत्र करून झालेली. तिथे सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाची एक वर्षाची पदव्युत्तर पदविका २००८ पासून आहे. सेवेतल्या डॉक्टरांची नावं राज्यांनी पाठवावीत, हाच तिचा मूळ हेतू. दोन वर्षं काढता येत असतील तर एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी आहे: चेन्नईची आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) साथरोगशास्त्र संस्था, तिरुवनंतपुरमचं अच्युत मेनन आरोग्यशास्त्र केंद्र, कोलकात्याची अखिल भारतीय स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य ही १९३२ सालची जुनी संस्था. घराजवळ हवं तर मुंबईत टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था), पुण्यात विद्यापीठाचा आरोग्यशास्त्र विभाग.

कोर्स करून काय मिळतं, हा प्रश्न विचारणाऱ्याला मी उलट विचारतो: पीएचसीचा चार्ज घेतला त्या महिन्यात किती पेशंट तपासले आणि किती सह्या केल्या? केंद्राचा कारभार पाहणाऱ्या रुग्ण कल्याण समितीचं इतिवृत्त, अबंधित निधीचं (केंद्राने गरजेप्रमाणे खर्चायच्या पैशाचं) कॅशबुक, एचएमआयएस या आरोग्य माहिती प्रणालीचा मासिक अहवाल, पुढच्या वर्षीच्या आराखड्यासाठी "आजच पाठवा" म्हणून आलेला तक्ता. यातलं काहीही एमबीबीएसला कुणी शिकवलेलं नसतं. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि आरोग्य खातं यांच्यात नेमका निर्णय कोण घेतं, पैसा कुठे अडतो आणि लोकांना उत्तर द्यायला कोण बांधील, हे सगळं आपण चुकत-माकत आणि ऑडिटचे आक्षेप खात शिकतो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने प्रत्येक राज्यात सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाचा वेगळा संवर्ग (केडर) असावा असं म्हटलं, आणि एप्रिल २०२२ मध्ये केंद्राने त्याच्या मार्गदर्शक सूचनाही काढल्या. तामिळनाडूत असा वेगळा संवर्ग कित्येक दशकं आहे. आपल्याकडे व्हायचा तेव्हा होईल, पण झाला तर पात्रतेचा कागद ज्याच्या हातात असेल त्याचं नाव आधी येणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

आता अडतं कुठे ते.

पहिली अडचण स्थायित्वाची. नियुक्तीनंतर परिविक्षा (प्रोबेशन) काळ समाधानकारक पूर्ण झाल्याचा आदेश निघायला हवा आणि त्यावरून पुढे स्थायित्व प्रमाणपत्र. कागदावर हे आपोआप होतं. प्रत्यक्षात तुम्ही मागितल्याशिवाय कुणी काढत नाही आणि तुम्हाला मागायचं असतं हे कुणी सांगत नाही. दहा वर्षं नोकरी झालेले, लोकांच्या झेरॉक्सवर 'सत्यप्रत' असा शिक्का मारून सही करणारे राजपत्रित अधिकारी, आणि स्वतः कायम असल्याचा एक कागद जवळ नाही. प्रस्ताव करायला घेतला की त्यासाठी आणखी कागद निघतात: सगळ्या वर्षांचे गोपनीय अहवाल, भाषा परीक्षा उत्तीर्ण किंवा सूट मिळाल्याचा आदेश, जात वैधता प्रमाणपत्र, वैद्यकीय तपासणी आणि चारित्र्य पडताळणीच्या सेवापुस्तकातल्या नोंदी. बदली झाल्यावर सेवापुस्तक जुन्या जिल्ह्यातच राहिलं असेल तर आधी ते आणायला जा. माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरबाईंचं पुस्तक दोन वर्षं एका कार्यालयातल्या कपाटावर होतं. कपाटात नाही, कपाटावर, जुन्या पोलिओ मोहिमेच्या बॅनरखाली. सापडलं ते रंगकाम निघालं म्हणून.

तेव्हा हा प्रस्ताव कोर्सच्या जाहिरातीची वाट न पाहता आजच टाका. कोर्सला गेला नाहीत तरी तो उपयोगी पडेलच. स्थायी नसलेल्याला अध्ययन रजेच्या बंधपत्रावर (परत येऊन सेवा करीन, या लेखी हमीवर) जामीनदारांच्या सह्याही आणाव्या लागतात, आणि त्या मागत फिरणं किती लाजिरवाणं असतं ते फिरलेल्यालाच विचारा.

दुसरं, सेवेची वर्षं. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ प्रमाणे अध्ययन रजेसाठी, म्हणजे शिकायला मिळणाऱ्या रजेसाठी, नियमित अखंड सेवा किमान पाच वर्षं लागते, परिविक्षा काळ धरून. यातला 'नियमित' हा शब्द बहुतेक जण वाचतच नाहीत. शासकीय महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर केलेलं सक्तीच्या सेवेचं (बंधपत्राचं) वर्ष यात धरत नाहीत. अकरा-अकरा महिन्यांच्या तात्पुरत्या नियुक्त्याही नाहीत, मग तुम्ही त्याच केंद्रावर, त्याच खुर्चीत, मधले दोन दिवस सोडता सलग बसलेला असलात तरी. अस्थायी सेवा पुढे नियमित झाली असेल तर त्या शासन निर्णयात कोणत्या तारखेपासून नियमित केलं आहे ते पाहा आणि तीच तारीख अर्जात लिहा. अर्जात एक तारीख आणि सेवापुस्तकात दुसरी, एवढ्यावर फाइल परत आलेली मी पाहिली आहे.

याच नियमांत दुसऱ्या टोकालाही अट आहे. रजेवरून परतल्यावर निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरत असेल तर अध्ययन रजा मिळत नाही. आणि ही रजा एका वेळी साधारण बारा महिने, संपूर्ण सेवेत मिळून चोवीस. म्हणजे दोन वर्षांच्या एमपीएचला आयुष्यभराची पुंजी एकदम संपते. त्यानंतर एमडी किंवा डीएनबी अशा विशेषज्ञ पदवीचा विचार असेल तर आधीच हिशेब करा.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महाग पडते. ना हरकत प्रमाणपत्र आणि नामनिर्देशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ना हरकत म्हणजे 'जायचं तर जा, आमचं काही म्हणणं नाही'. नामनिर्देशन म्हणजे 'आम्ही यांना पाठवतोय'. सेवेतल्या उमेदवारांच्या जागेसाठी संस्थेला दुसरं पत्र हवं असतं. त्यात तीन वाक्यं लागतात: निवड झाल्यास कार्यमुक्त करू, प्रशिक्षण काळातलं वेतन शासन देईल, आणि विभागीय चौकशी चालू किंवा प्रस्तावित नाही. जिल्ह्याच्या टेबलावरून बहुतेक वेळा जुन्या नमुन्यातली दोन ओळींची ना हरकत हातात पडते, आपण ती आनंदाने जोडतो आणि संस्थेकडून 'अपूर्ण' असा शेरा येतो. क्लार्कला दोष देऊन उपयोग नाही. त्याच्याकडे नमुनाच तेवढा आहे. मसुदा तुम्ही टाइप करून न्या. साहेबांना दुरुस्ती करणं सोपं जातं, लिहिणं जड जातं.

राज्याने नाव पाठवून निवड झाली तर आदेशात एक वाक्य शोधा: 'सदर प्रशिक्षण कालावधी हा कर्तव्य कालावधी समजण्यात यावा.' हे वाक्य असेल तर तुमची रजा शाबूत. नसेल तर वर्षभराने वेतननिश्चितीच्या वेळी कुणीतरी विचारतं, 'मग हा काळ कोणत्या रजेत धरायचा?' भांडायचं तर निघण्याआधी भांडा. परत आल्यावर आदेश काढणारे साहेब बदललेले असतात.

अंतिम तारखेबद्दल. जाहिरातीतली तारीख ही अर्ज संस्थेत पोहोचण्याची असते, तुम्ही तालुक्याला आवक करण्याची नव्हे. योग्य मार्गाने जाणारा अर्ज तालुका आरोग्य अधिकारी, जिल्हा आरोग्य अधिकारी, परिमंडळाचे उपसंचालक, मुंबईतलं आरोग्य भवन असा फिरतो आणि शासन स्तरावर मान्यता लागली तर मंत्रालयात जातो. प्रत्येक ठिकाणी आवक नोंद, टिपणी, सही, जावक. मध्ये एक अधिवेशन किंवा आचारसंहिता आली की संपलं. म्हणून आगाऊ प्रत संस्थेला थेट पाठवायची हे खरंच, पण आगाऊ प्रत म्हणजे अर्ज नव्हे. ती तुमची जागा थोडे दिवस धरून ठेवते इतकंच. मूळ अर्ज कार्यालयामार्फत पोहोचला नाही तर मुलाखतीच्या दारातून परत पाठवतात. प्रत्येक टेबलावरचा जावक क्रमांक आणि तारीख स्वतःच्या डायरीत लिहा. 'पाठवलंय साहेब' यावर विश्वास ठेवू नका, क्रमांक मागा.

बाकीचे कागद रोजचेच: पदवी, इंटर्नशिप, नियुक्ती आदेश, फोटो. फक्त दोन ठिकाणी पाय घसरतो. महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते आणि त्याला वैद्यकीय परिषदा-कार्यशाळांना हजर राहून मिळणारे ३० क्रेडिट पॉइंट लागतात. आडगावच्या पीएचसीत बसून ते जमा होत नाहीत, तेव्हा नोंदणीची मुदत आत्ता बघून घ्या. आणि लग्नानंतर नाव बदललेल्या डॉक्टरांनी: पदवी माहेरच्या नावाने, सेवापुस्तक सासरच्या, आधार तिसऱ्याच स्पेलिंगचं. लग्नाचा दाखला जोडून काही जणींचं भागतं, काहींचं नाही. राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घेतलेला बरा. गोपनीय अहवाल (वरिष्ठांनी दरवर्षी लिहिलेला कामाचा शेरा) महापार या शासकीय पोर्टलवर स्वतः उघडून पाहा. एखाद्या वर्षाचा अहवाल पुनर्विलोकनासाठी अडकलेला असतो आणि ते अधिकारी तोवर निवृत्त होऊन नातवंडं सांभाळत असतात.

अर्जात 'हा अभ्यासक्रम का करायचा आहे' असा अर्धा-एक पान मजकूर मागितला तर कृपा करून 'नेतृत्वगुण विकसित करून समाजाची सेवा' वगैरे लिहू नका. निवड करणारी माणसं ते वाक्य हजारदा वाचून थकलेली आहेत. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत इन्व्हर्टर घ्यायचा की प्रसूतिगृहाचं शौचालय दुरुस्त करायचं यावर काय झालं, ते लिहा. आपल्या राज्यात २००७ पासून आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख झाली, म्हणजे गावकऱ्यांनीच सेवा तपासल्या आणि जाहीर सुनावणीत जाब विचारला. जनसुनवाईत गावकऱ्यांनी माइकवर तुमच्या केंद्राबद्दल काय विचारलं, तुम्ही काय उत्तर दिलं आणि काय देता आलं नाही, ते लिहा. माझ्या एका सहकाऱ्याने आपण बैठकीत गप्प का बसलो, एवढंच प्रामाणिकपणे लिहिलं होतं. त्याची निवड झाली.

कंत्राटी समुदाय आरोग्य अधिकारी, तालुका आणि जिल्हा कार्यक्रम व्यवस्थापक यांना अध्ययन रजा नाही, उगाच अर्ज करू नका. तुमच्यासाठी दूरशिक्षणाचा मार्ग बरा. मुनिरकाच्याच संस्थेचे आरोग्य व रुग्णालय व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम आहेत, नोकरी सांभाळून होतात आणि संपर्क सत्रापुरतीच सुटी लागते. खाच एकच. तुमच्या करार आदेशाची मुदत कोर्सच्या मध्येच संपते. शिफारसपत्र घेताना मागच्या पुनर्नियुक्त्यांचे आदेशही ओळीने जोडा, म्हणजे सेवा सलग दिसते.

निवड झाली, आदेश आला, पेढे वाटले. आता आदेश शेवटपर्यंत वाचा. 'पर्यायी व्यवस्था झाल्यानंतर कार्यमुक्त करण्यात यावे' असं शेवटच्या ओळीत असेल तर पेढे परत घ्या. केंद्राला वैद्यकीय अधिकाऱ्याची मंजूर पदं दोन, त्यातलं एक रिकामं, मग तुमची पर्यायी व्यवस्था कोण? ती ओळ लिहिणाऱ्यालाही ते माहीत असतं. अशा वेळी वाट पाहत बसू नका. शेजारच्या केंद्रातल्या सहकाऱ्याशी स्वतः बोला, अतिरिक्त कार्यभाराला त्याची लेखी संमती घ्या आणि तो कागद जोडूनच कार्यमुक्ती मागा. हे काम तुमचं नाही, मान्य. पण कोर्स ज्या तारखेला सुरू होतो, ती तारीख जिल्ह्याच्या सोयीने हलत नाही.

अध्ययन रजेच्या बंधपत्रासाठी शंभराचा स्टॅम्प पेपर आणू नका, ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा लागतो. चार्ज देताना औषधसाठा ई-औषधी या ऑनलाइन साठा नोंदीशी जुळवा, समितीच्या बँक खात्यावरची सही बदलून द्या, नाहीतर तुम्ही दिल्लीत आणि इथे रुग्णवाहिकेच्या डिझेलचा चेक अडून. आणि लसींच्या फ्रिजचं तापमान वहीत दिवसातून दोनदा लिहितात. जायच्या दिवशी सकाळच्या नोंदीवर तुमची सही असू द्या आणि संध्याकाळच्या नोंदीवर चार्ज घेणाऱ्याची. त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.