पेट्रोल की डिझेल: निवड पंपावर कशी ठरत गेली

२०१२ च्या सुमारास ठाणे-नवी मुंबईत नवी गाडी घेणाऱ्याचा पहिला प्रश्न असायचा, "डिझेलला वेटिंग किती?" देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांपैकी तेव्हा निम्म्याहून जास्त डिझेलवर होत्या. आज हे प्रमाण पाचव्या भागाच्या आसपास आहे. या काळात इंजिनाचं मूळ तत्त्व बदललेलं नाही. बदलला तो भाव, आणि नंतर धुराचे नियम.

दोन्ही इंजिनं जर्मनीतली. पेट्रोल इंजिनाचा पूर्वज असलेलं चार स्ट्रोकचं इंजिन १८७६ मध्ये चाललं, ठिणगी देणाऱ्या स्पार्क प्लगशिवाय चालणारं डिझेल इंजिन १८९७ मध्ये. डिझेल इंजिनात हवा साधारण १६ ते २० पट दाबली जाते, त्या दाबाने ती तापते आणि आत फवारलेलं इंधन आपोआप पेटतं. पेट्रोल इंजिनात दाब याच्या निम्म्याच्या आसपास असतो आणि ठिणगी द्यावी लागते. एवढा दाब सोसायचा म्हणून डिझेल इंजिन जड आणि महाग, पण कमी आरपीएमलाही, म्हणजे इंजिन सावकाश फिरत असतानाही, त्याची ओढ दांडगी. ठाण्याच्या घोडबंदर रोडवर गायमुखच्या चढावर भरलेला ट्रेलर हळू का होईना पण चढतो, तो या ओढीवर. लिटरमागे ऊर्जाही डिझेलमध्ये जास्त, त्यामुळे अ‍ॅव्हरेज चांगलं.

पण घरगुती गाडी घेणाऱ्याला या ओढीचं फार काही नव्हतं. त्याला दिसत होता पंपावरचा बोर्ड. मालवाहतूक, एसटी आणि शेतीपंप महागाईत भरडू नयेत म्हणून डिझेल वर्षानुवर्षं स्वस्त ठेवलं गेलं. हेतू रास्तच होता. २००६ मध्ये चार मीटरच्या आतल्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आलं. ही सवलत पेट्रोलला १२०० सीसीपर्यंत आणि डिझेलला १५०० सीसीपर्यंत होती. छोट्या गाड्यांतही डिझेल इंजिन बसवणं मग परवडू लागलं. जून २०१० मध्ये पेट्रोलचे भाव खुले झाले, म्हणजे सरकारने ठरवायचे सोडून बाजारावर सोपवले, डिझेलचे नाहीत. मे २०१२ मध्ये दोन्हींतला फरक लिटरमागे ३० रुपयांच्या वर गेला. भाजीच्या ट्रकसाठी दिलेली सवलत मोठ्या एसयूव्हीच्या टाकीत जाऊ लागली, आणि हे सगळ्यांना दिसत असूनही चालू राहिलं.

जानेवारी २०१३ मध्ये जो तोडगा निघाला, तो मला आजही अन्यायाचा वाटतो. पंपावर डिझेल दरमहा सुमारे ५० पैशांनी वाढवायचं, पण घाऊक ग्राहकांनी, म्हणजे सरकारी बससेवा, रेल्वे, कारखाने यांनी, लगेच बाजारभाव द्यायचा, असं ठरलं. हा फरक लिटरमागे ९ ते ११ रुपये पडला. म्हणजे खासगी एसयूव्हीला सवलतीचं डिझेल आणि पन्नास-साठ माणसं नेणाऱ्या बसला महाग. व्हायचं तेच झालं. स्वतःच्या डेपोत टाक्या असूनही बस साध्या पंपावर रांगेत उभ्या राहू लागल्या. या तोडग्याच्या बाजूने युक्तिवाद एवढाच होता की तेल कंपन्यांचा तोटा कुठून तरी कमी करायला हवा. दक्षिणेतल्या एका राज्याच्या बससेवेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, पण सवलत मिळाली नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये कच्चं तेल उतरलेलं असताना डिझेलचे भावही खुले झाले. घाऊक दराचा प्रश्न मात्र मिटला नाही. मार्च २०२२ मध्ये मुंबईत पंपावर डिझेल ९४ रुपये १४ पैसे होतं, तर घाऊक ग्राहकाला १२२ रुपये ५ पैसे. बस पुन्हा पंपावर आल्या.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचे नवे कडक नियम, आले. डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा ५० वरून १० पीपीएमवर (दहा लाख भागांत १० भाग) आली आणि डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर, डीपीएफ, बसला. साठलेली काजळी जाळायला एक्झॉस्ट ६०० अंशांच्या आसपास तापावा लागतो, त्यासाठी गाडी काही वेळ एका लयीत पळायला हवी. ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये मानपाड्याहून माजिवड्यापर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकणाऱ्या गाडीत तसं होत नाही. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, आणि गॅरेजवाला सांगतो, "नाशिक हायवेला वीस मिनिटं पळवून आणा, थांबू नका." दिवा दुर्लक्षून गाडी तशीच चालवली तर फिल्टर पार चोंदतो, आणि तो बदलण्याचा खर्च मोठा. रोजचं अंतर कमी असलेल्यांना हे शोरूममध्येच सांगायला हवं.

आपल्या भागात आणखी एक गुंता होता. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईत डिझेलवरचा राज्याचा कर उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा जास्त होता, २१ ऐवजी २४ टक्के. १ जुलै २०२४ पासून तो इथेही २१ वर आला आणि डिझेल साधारण दोन रुपयांनी उतरलं. पेट्रोलवरचा कर त्याच दिवशी २६ वरून २५ टक्के झाला, त्याशिवाय लिटरमागे ५ रुपये १२ पैशांचा वेगळा कर कायम राहिला. वाशीच्या बाजारात येणाऱ्या मालवाहतूकदारांना दिलासा मिळाला तो डिझेलच्या या दोन रुपयांचा.