जुन्या विमानाचा नवा कणा

२६ मे १९४० रोजी, दुसऱ्या महायुद्धात डंकर्कहून ब्रिटिश सैन्याच्या माघारीच्या धामधुमीत, ब्रिटिश हवाई दलाच्या १९व्या स्क्वाड्रनचे प्रमुख जेफ्री स्टीफनसन यांना आपले एन३२०० क्रमांकाचे स्पिटफायर हे लढाऊ विमान फ्रान्सच्या किनाऱ्यावर, कॅलेजवळच्या सांगात गावाच्या पुळणीत उतरवावे लागले. स्टीफनसन जर्मनांचे युद्धकैदी झाले आणि विमान वाळूत रुतून दिसेनासे झाले. १९८६ साली ते उकरून काढण्यात आले आणि मार्च २०१४ मध्ये इंग्लंडमधील डक्सफर्डच्या धावपट्टीवरून पुन्हा आकाशात गेले. मात्र वाळूतून निघालेल्या सांगाड्यापैकी उडण्याच्या लायकीचा धातू फारच थोडा उरला होता, त्यामुळे विमानाचा बहुतेक भाग नव्याने घडवावा लागला. ऐंशी वर्षांपूर्वीच्या विमानाचा सुटा भाग आज नव्याने घडवायचा म्हणजे नेमके काय करायचे, याचे उत्तर भागाच्या आकारापेक्षा त्याच्या धातूच्या अंतरंगात अधिक सापडते.

स्पिटफायरचे अंग ज्या पत्र्याचे आहे, तो ड्युरॅल्युमिन वर्गातील मिश्रधातूचा असतो. ॲल्युमिनियममध्ये सुमारे ४ टक्के तांबे आणि थोडेसे मॅग्नेशियम मिसळून हा मिश्रधातू तयार होतो. १९०६ च्या सुमारास आल्फ्रेड व्हिल्म हे जर्मन धातुशास्त्रज्ञ अशा मिश्रधातूचे नमुने तापवून पाण्यात बुडवत होते. बुडवल्याबरोबर नमुना मऊ लागे, पण तोच नमुना काही दिवस नुसता पडून राहिल्यावर लक्षणीय कठीण झालेला आढळला. याचे कारण आपल्या स्वयंपाकघरातील साखरेच्या पाकावरून समजू शकते. गरम पाण्यात जास्त साखर विरघळते आणि पाक सावकाश थंड झाला की ती दाणे धरते. त्याचप्रमाणे सुमारे ५०० अंश सेल्सिअसला घन ॲल्युमिनियममध्ये तांब्याचे अणू सर्वत्र पसरून सामावतात. तो एकदम पाण्यात बुडवला, तर त्या अणूंना दाणे धरायला सवड मिळत नाही आणि ते जागच्या जागी अडकून राहतात. पुढचे काही तास आणि दिवस ते हळूहळू एकमेकांजवळ सरकतात व त्यांचे अतिसूक्ष्म पुंजके तयार होतात. धातू वाकतो तेव्हा त्यातील अणूंचे थर एकमेकांवरून घसरत असतात. हे पुंजके त्या घसरणीच्या वाटेत अडसर होऊन बसतात, म्हणून धातू कणखर होतो.

सुटे भाग घडवणाऱ्या कारागिराचे सारे वेळापत्रक या एका गुणधर्माभोवती फिरते. पत्र्याला आकार द्यायचा तो मऊ अवस्थेत, मग भट्टीत ठरलेल्या तापमानाला ठरलेला वेळ ठेवायचे, मग पाण्यात बुडवायचे, बुडवल्यावर आकार वाकडा झालाच तर धातू कणखर होण्याआधी घाईने सरळ करायचा. भट्टीचे तापमान काही अंशांनी कमी पडले तर तांबे पुरेसे विरघळत नाही, आणि थोडेसे जास्त झाले तर धातू ज्या सूक्ष्म स्फटिककणांचा बनलेला असतो त्यांच्या सीमा वितळू लागतात आणि तो भाग कायमचा बाद होतो. दोन्ही प्रकारचे बिघडलेले भाग नुसत्या डोळ्यांना चांगल्या भागासारखेच दिसतात.

पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्यांच्या, म्हणजे रिव्हेटच्या बाबतीत ही वेळेशी शर्यत सर्वांत स्पष्ट दिसते. काही मिश्रधातूंचे रिव्हेट तापवून, बुडवून लगेच फ्रीझरमध्ये ठेवतात, कारण थंडीत तांब्याच्या अणूंची हालचाल जवळजवळ थांबते आणि रिव्हेट मऊच राहतो. कामाला बसताना लागतील तेवढेच रिव्हेट बाहेर काढायचे. एक जण पत्र्याच्या बाहेरून हवेच्या दाबावर चालणारी हातोडी रिव्हेटच्या डोक्यावर टेकवतो, दुसरा विमानाच्या पोटात अंग चोरून बसतो आणि रिव्हेटच्या शेपटीला जड पोलादी ठोकळा लावून धरतो. दोन-तीन सेकंदांच्या खडखडाटात शेपटी चेपली जाऊन तिचे बटण तयार होते. बाहेर काढलेला रिव्हेट बराच वेळ टेबलावर विसरला गेला, तर तो कडक होतो आणि ठोकताना त्याला चिरा पडण्याचा धोका असतो. असा रिव्हेट पुन्हा तापवून बुडवावा लागतो. एका विमानाला असे हजारो रिव्हेट लागतात.

रिव्हेटचे डोके पत्र्याच्या पातळीत बुडवायचे की गोल उंच ठेवायचे, हाही मर्जीचा प्रश्न नाही. पहिल्या स्पिटफायरची चाचणी होत असताना अभियंत्यांनी सपाट रिव्हेटच्या डोक्यांवर वाटाण्याची अर्धी डाळ चिकटवून गोल डोक्यांचे सोंग उभे केले आणि एकेका भागावरची डाळ काढत वेगात कोठे किती फरक पडतो ते मोजले, कारण गोल डोक्याचे रिव्हेट बसवणे स्वस्त आणि झटपट होते. आज नवा पत्रा जोडणाऱ्याला त्या डाळीने ठरवलेली मांडणीच पाळावी लागते. मला या प्रयोगाचे विशेष कौतुक वाटते, कारण एवढ्या वेगवान विमानाच्या रचनेतील एक निर्णय मूठभर डाळीच्या साह्याने घेतला गेला.

सर्वांत अवघड भाग मात्र पंखाचा कणा, म्हणजे स्पार. उडताना पंखाला हवा वर उचलते आणि धडाचे वजन मध्यभागी खाली ओढते, त्यामुळे पंख वर वाकू पाहतो. कण्याच्या वरच्या पट्टीवर दाब येतो, खालचीवर ताण. हे वाकवणारे बल धडापाशी सर्वाधिक असते आणि टोकाकडे कमी कमी होत जाते. स्पिटफायरच्या रचनाकारांनी यावर काढलेला तोडगा देखणा आहे. कण्याची प्रत्येक पट्टी स्वयंपाकघरातल्या एकात एक मावणाऱ्या डब्यांप्रमाणे एकमेकींत बसणाऱ्या चौकोनी नळ्यांची आहे. धडापाशी अशा पाच नळ्या असतात आणि टोकाकडे जाताना त्या एकामागून एक संपत जातात, त्यामुळे जेथे जेवढा भार तेथे तेवढाच धातू. १९३६ साली पहिले स्पिटफायर उडाले तेव्हापासून वीस हजारांहून अधिक विमाने या पद्धतीने बनली. परंतु त्या नळ्या दाबून काढणारे साचे युद्धानंतर कोणी जपून ठेवण्याचे कारण नव्हते. आज कणा बनवायचा तर अशा घट्ट बसणाऱ्या नळ्या नव्याने काढून घ्याव्या लागतात. एकीच्या आत दुसरी सरकवताना ओरखडा उठला, तर तो बाहेरून कधीच दिसत नाही, आणि वारंवार वाकण्याने येणाऱ्या थकव्याची चीर धातूला जाते ती अशाच ओरखड्यापासून.

जुना कणा तपासून पुन्हा वापरता येणार नाही का, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. खारे पाणी ड्युरॅल्युमिनच्या कणांच्या सीमांवरून आत शिरते आणि धातूचे पापुद्रे सुटू लागतात. पत्र्याच्या दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर देऊन याला आळा घालता येतो, पण कापलेल्या कडा आणि भोके उघडीच राहतात. म्हणून समुद्रातून किंवा वाळूतून निघालेला जुना भाग पुष्कळदा केवळ नमुना म्हणून उपयोगी पडतो. आता त्रिमिती स्कॅनरने त्याचे माप चटकन घेता येते. तथापि आपटून वाकलेल्या भागाचे माप घेतले, तर त्याचा वाकडेपणाही नव्या भागात उतरतो, त्यामुळे मूळ आराखड्याला पर्याय नाही. २०१७ साली इंग्लंड-वेल्स सीमेवरील ब्रॉटन येथे पाडण्यात येणाऱ्या एका इमारतीत मॉस्किटो या युद्धकालीन लाकडी विमानाचे वीस हजारांहून अधिक आराखडे सूक्ष्मफितीच्या रूपात सापडले, तेव्हा या क्षेत्रातील माणसांना किती हायसे वाटले असेल, याची कल्पना करता येते.

आपल्याकडेही युद्धकालीन विमाने पुन्हा उडती करण्याचे मोठे काम झाले आहे, पण त्याची जात वेगळी होती. परत जाताना ब्रिटिशांनी कानपूरला मोडतोड करून टाकलेली लिबरेटर बॉम्बफेकी विमाने १९४८ पासून हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी बंगळूरला उडवत नेली आणि चाळीसच्या आसपास विमाने हवाई दलासाठी सज्ज केली. पुण्याच्या लोहगाव तळावरही ती होती, आणि त्यांतील एक १९७४ साली भारतातून उडत ब्रिटनला गेले व आता तेथील रॉयल एअर फोर्स म्युझियमच्या संग्रहात आहे. कानपूरला एका विमानाचा भाग दुसऱ्याला लावता येत होता, कारण शेजारी तशीच डझनावारी विमाने पडलेली होती. ती सोय आज कोणालाही उरलेली नाही.

लाकडी मॉस्किटोच्या बाबतीत तर सुटा भाग असा नसतोच. अख्खे धड नव्याने घडवावे लागते. बर्चच्या दोन पातळ प्लायवूडमध्ये हलके बाल्सा लाकूड भरून, वाटाण्याच्या शेंगेप्रमाणे धडाच्या दोन उभ्या फाका साच्यावर घडवायच्या, आतील तारा-नळ्या बसवायच्या आणि मग फाका जोडायच्या, ही त्याची पद्धत. मूळ साचे नाहीसे झाले होते. न्यूझीलंडमधील ग्लिन पॉवेल यांनी अनेक वर्षे खपून ते पुन्हा तयार केले, आणि त्यांवर घडलेल्या धडाचे मॉस्किटो केए११४ सप्टेंबर २०१२ मध्ये ऑकलंडजवळच्या आर्डमोरहून उडाले.

येथे धातूच्या जागी डिंक हा चिंतेचा विषय असतो. सुरुवातीची मॉस्किटो दुधातील केसिनपासून बनवलेल्या डिंकाने जोडलेली होती, आणि ओल लागली की त्या डिंकावर बुरशी पोसते. १९४४ च्या उत्तरार्धात भारतात तैनात असलेल्या मॉस्किटोंचे पंख उड्डाणात मोडल्याने अपघात झाले आणि तपासणीसाठी विमाने जमिनीवर ठेवावी लागली. आपल्या दमट हवेबरोबरच मूळ जोडणीत राहिलेल्या फटींचाही दोष त्यात आढळला. आज आधुनिक कृत्रिम डिंक वापरतात, तरीही सांध्याचे आतले अंग दिसत नाही ही अडचण कायम आहे. म्हणून प्रत्येक वेळी डिंक कालवला की त्याच डिंकाने, त्याच लाकडाचे, त्याच खोलीतील तापमानाला नमुन्याचे तुकडे जोडून ठेवतात, त्यांवर तारीख आणि घाण्याचा क्रमांक लिहितात आणि डिंक पुरता वाळल्यावर ते मुद्दाम मोडून पाहतात. मोडलेल्या जागी डिंकाची गुळगुळीत चकाकी दिसली तर त्या दिवशी जोडलेला भाग नाकारला जातो. दोन्ही बाजूंना लाकडाचे तंतू उपटून आलेले दिसले, तरच तो विमानाला लागतो.