ब्रिटनमध्ये लोक पंतप्रधान थेट निवडतात का?

‘ब्रिटनमध्ये जनता पंतप्रधान थेट निवडते’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. टीव्हीवर दोन पक्षनेत्यांचीच झुंज दिसते, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे. पण मतपत्रिका बघा. तिच्यावर फक्त त्या मतदारसंघातले उमेदवार असतात. आवडत्या नावापुढे पेन्सिलीनं फुली मारायची, बस्स. आज असे 650 मतदारसंघ आहेत. पक्षनेत्यालाही त्यातलीच एखादी जागा लढवावी लागते. पंतप्रधानपद मिळतं ते खासदारांच्या पाठिंब्यावर.

पडताळायचं तर 1976 आणि 2007 पाहा. दोन्ही वेळा डाव्या विचारांच्या मजूर (लेबर) पक्षाचा पंतप्रधान पायउतार झाला, पक्षानं नवा नेता निवडला आणि तो सार्वत्रिक निवडणुकीविनाच पंतप्रधान झाला. आणि गंमत म्हणजे, 1980 पर्यंत या पक्षाचा नेता फक्त खासदारच ठरवत. सामान्य सदस्यांना त्यात वाटा मिळाला तो त्यानंतर.